एका प्रवासात एक खून: छोट्या रहस्यकथा आणि थरारकथा वाचायला सुरुवात कशी करावी

चारशे पानांची थरारक कादंबरी मोठ्या हौसेने आणायची, साठाव्या पानावर खुणेला लोकलचं जुनं तिकीट घालून ठेवायची, आणि गणपतीच्या आधी घर आवरताना ती पुन्हा सापडायची. हा अनुभव पुष्कळांचा असतो. सवय नसताना इतकी पात्रं आणि इतके धागे डोक्यात ठेवणं अवघडच. म्हणून माझं ठाम मत आहे की या वाटेला लागायचं तर छोट्या कथेपासून लागावं. दहा-पंधरा पानांत गुन्हा, संशयित, तपास आणि उलगडा बसवायचा म्हटल्यावर लेखकाला एकही वाक्य फुकट घालवता येत नाही. कादंबरीतला पाऊस नुसता पाऊस असू शकतो. छोट्या कथेत पाऊस पडला, तर पुढे कुणाची तरी छत्री कोरडी निघणार. एवढं ध्यानात ठेवलं तरी वाचणाऱ्याची नजर बदलते. खालच्या सगळ्या पायऱ्या या एकाच गोष्टीभोवती फिरतात.

पहिली पायरी: हातात काय आलंय ते ओळखा

मुखपृष्ठावर सुरा, सावली आणि लाल अक्षरं असली की सगळं एकाच खणात टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. आतली जात मात्र वेगवेगळी असते. रहस्यकथेचा प्रश्न मागे पाहणारा असतो: कुणी केलं, कसं केलं, का केलं. थरारकथेचा प्रश्न पुढचा: आता काय होणार, हा सुटणार की सापडणार. गूढकथेत उत्तर अर्धवट मिळतं किंवा मिळतच नाही. रत्नाकर मतकरींची गूढकथा घेऊन तुम्ही ‘पण नक्की काय झालं’ याचा हिशेब मांडत बसलात, तर कथा हातातून निसटते.

चौथी जात नवख्यांना फारशी माहीत नसते, आणि मी तिथूनच सुरुवात करायला सांगतो. गुन्हेगार पहिल्याच पानावर आपल्यासमोर गुन्हा करतो. मग तपास करणारा येतो आणि त्याला पकडतो. ऑस्टिन फ्रीमन या इंग्रज डॉक्टर-लेखकाने १९१२ साली आलेल्या कथासंग्रहात ही उलटी मांडणी पहिल्यांदा नीट करून दाखवली. खुनी कोण हे ठाऊक असल्यामुळे तुमचं लक्ष एकाच ठिकाणी राहतं: तो कुठे चुकला? पुरावा कसा तयार होतो, हे अशा दोन-चार कथांत डोळ्यांदेखत कळतं. पुढे साधी रहस्यकथा वाचताना तीच नजर कामी येते.

दुसरी पायरी: पहिल्या कथा निवडा

मराठी वाचकाला बाबूराव अर्नाळकरांना टाळून पुढे जाता येत नाही. हजारावर पुस्तकं, आणि झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू असे नायक. गिरणगावात आणि गिरगावात एके काळी ही पुस्तकं हातोहात फिरत. आज ती कशी वाटतील? खरं सांगायचं तर रहस्य म्हणून पातळ वाटतील. वेषांतर, गुप्त तळघर, ऐन वेळी पिस्तूल, हे सगळं येतं. पण वेग शिकावा तो तिथे. एकेका पुस्तकाची लांबी अशी की एका बैठकीत संपावं, आणि ते संपतं. नंतरच्या पिढीत गुरुनाथ नाईकांनीही असाच ढीग लिहिला. सुहास शिरवळकरांचे फिरोज इराणी, अमर विश्वास, मंदार पटवर्धन आणि दारा बुलंद यांचे चाहते अजून भेटतात, आणि कोण भारी यावर अजून भांडतात. त्यातला फिरोज आणि अमर वकील, तेव्हा कोर्टातली उलटतपासणी आवडत असेल तर तिथे जा.

कोड्याची बांधणी शिकायची तर मात्र शेरलॉक होम्स. कादंबऱ्या चारच; लघुकथा ५६. त्यातल्या पहिल्या बारा, म्हणजे १८९१ ते १८९२ या काळात मासिकात आलेल्या, आधी वाचा. मराठी अनुवाद झालेले आहेत, लायब्ररीत विचारा. या बारांमधल्या काही कथांत खून सोडाच, धड गुन्हाही नाही, आणि तरी त्या पकडून ठेवतात. शेवटच्या काळातल्या कथा मागाहून वाचल्या तरी चालतील, त्या बऱ्याच उतरल्या आहेत.

आणि दिवाळी अंक. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लघुकथा दिवाळीला पिकते. रहस्य, भय आणि विज्ञानकथांसाठी ‘धनंजय’ आणि ‘नवल’ ही दोन नावं लक्षात ठेवा. एकाच अंकात निरनिराळे लेखक मिळतात, त्यामुळे आपल्याला काय रुचतं हे स्वस्तात कळतं. सगळ्या कथा चांगल्या नसतात. एखादी तीन पानांत पकडत नसेल तर सोडून द्या, कुणी परीक्षा घेत नाही.

तिसरी पायरी: पुस्तक मिळवा, आणि शेवटचं पान तपासा

मुंबईत यासाठी फार हिंडावं लागत नाही. दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ पासूनचं. पार्ल्यात लोकमान्य सेवा संघाचं ग्रंथालय आहे. तुमच्या उपनगरातही एखादी खासगी लायब्ररी तग धरून असेल. बहुतेक ठिकाणी दिवाळीनंतर ठरावीक वर्गणीत दिवाळी अंक फिरवायची योजना असते, ती घ्या. नवं विकत घ्यायचं तर दादरला छबिलदास गल्लीत ‘आयडियल’मध्ये चक्कर टाका. फाउंटनच्या आणि माटुंग्याच्या फूटपाथवर जुनी पुस्तकं असतात, पण तिथे बहुतेक माल इंग्रजी. जुन्या मराठी रहस्यकथा हव्या असतील तर रद्दीवाल्याशी ओळख ठेवणं जास्त फायद्याचं.

जुनं पुस्तक घेताना एक काम नक्की करा: शेवटची पानं शाबूत आहेत का ते पाहा. वाचू नका, नुसते पानांचे आकडे बघा. रहस्यकथेची शेवटची पानं सर्वात जास्त हाताळली जातात, त्यामुळे तीच आधी सुटतात. लायब्ररीच्या प्रतीत आणखी एक धोका असतो. आधीच्या कुणा वाचकाने एखाद्या पात्राच्या नावाखाली पेन्सिलीने ‘हाच तो’ असं लिहून ठेवलेलं असतं. या माणसांवर कोणतं कलम लावावं हे अजून ठरायचं आहे.

चौथी पायरी: एका बैठकीची वेळ काढा

छोटी रहस्यकथा तोडून वाचू नये. काल रात्री कोण कुठे बसलं होतं हे आज सकाळी आठवत नाही, आणि सगळा खेळ तर त्यावरच असतो. तीन हजार शब्दांची कथा सावकाश वाचली तरी वीस मिनिटं लागतात, म्हणजे दादर ते अंधेरी धिम्या लोकलने. बोरिवली ते चर्चगेट जात असाल तर लांबलचक कथाही उरकते. उतरायचं स्टेशन जवळ आलं आणि चार पानं उरली असतील तर घाईने संपवू नका. त्या क्षणी पुस्तक मिटा. कथेच्या मधे तुटलेलं वाचन वाईट, पण उलगड्याच्या तोंडाशी थांबणं चांगलं. का ते सहाव्या पायरीत येईल. ऐन गर्दीत, एका हाताने कडी धरून, मोबाईलवर थरारकथा वाचता येते. रहस्यकथा वाचता येत नाही.

पाचवी पायरी: बिनकामाच्या वाक्यावर बोट ठेवा

इथे थोडं थांबू, कारण बाकी सगळं यावर उभं आहे. उदाहरणासाठी एक कथा मीच रचतो.

भांडुपला सबइन्स्पेक्टर साळवींच्या घरी रविवारी दुपारी भाचीचं केळवण आहे. पंगत बसायच्या बेतात असताना परळची आत्या येते, घाम पुसते आणि म्हणते, “आज देवच पावला गं. चुकून जलद गाडीत चढले, म्हटलं आता घाटकोपरला उतरून बदला, तर मेली भांडुपलाच थांबली!” सगळे हसतात. पुरणपोळ्या येतात. तेवढ्यात फोन वाजतो आणि साळवींना ताटावरून उठावं लागतं. दादरला एका स्टेशनरीच्या दुकानाचे मालक, भाऊ, दुकानातच मरून पडलेले सापडले आहेत. डोक्यावर पितळी पेपरवेटचा घाव, वेळ साधारण दीड. संशयित तीन. नोकर, ज्याला सकाळीच कामावरून काढलं. शेजारचा झेरॉक्सवाला, ज्याच्याशी जागेवरून जुना तंटा. आणि भागीदार नंदू. नंदू म्हणतो, “मी सव्वाला दादरहून ठाण्याची जलद पकडली. दारातच उभा होतो. घाटकोपर सुटल्यावर गाडी मधे कुठे थांबली नाही, म्हणून गर्दी वाढली नाही एवढं बरं.” ठाण्याला तो मेव्हण्याकडे पोचल्याचे साक्षीदार आहेत. नोकराच्या शर्टावर रक्त आहे. झेरॉक्सवाला खोटं बोलताना सापडतो.

मुंबईच्या वाचकाने इथे पुस्तक मिटून कपाळावर हात मारून घ्यावा. रविवारी दुपारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी काही तास मार्ग बंद, होता. जलद मार्ग बंद, जलद गाड्या धिम्या मार्गावर वळवलेल्या, आणि म्हणून विक्रोळी, भांडुप, मुलुंड असे जादा थांबे. आत्याची गाडी भांडुपला थांबली ती त्यामुळे. मग नंदूची घाटकोपरनंतर थेट ठाण्याला कशी गेली? तो त्या गाडीत नव्हताच. दीडला काम उरकून तो मोटारीने ठाण्याला गेला.

आता ही कथा उलटी करून पाहा. ‘मेगाब्लॉक’ हा शब्द कुठेही आलेला नाही. दुवा कुठे लपवला? खुनाच्या आधी, घरगुती गमतीत, ज्या आत्याचा खटल्याशी काडीचा संबंध नाही तिच्या तोंडी. वर लगेच सगळे हसले आणि पुरणपोळ्या आल्या, म्हणजे तुमचं लक्ष ताटाकडे गेलं. रक्ताचा शर्ट मात्र ठळक, तपासाच्या ऐन मध्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांत भरेल असा ठेवला. छोट्या कथेत ठळक मांडलेला पुरावा बहुधा दिशाभूल करायला असतो, आणि खरा पुरावा हशात, जेवणात, हवामानात, एखाद्या म्हातारीच्या तक्रारीत दडलेला असतो.

तेव्हा वाचताना सतत एक प्रश्न विचारा: हे वाक्य काढलं तर कथेचं काय बिघडेल? काही बिघडत नसेल, आणि तरीही लेखकाने ते ठेवलं असेल, तर तिथे बोट ठेवा. आत्याचं वाक्य काढलं तरी केळवण पार पडतं, म्हणून ते संशयास्पद. वेळ सांगितलेली प्रत्येक जागा, न मागता दिलेला तपशील (‘गर्दी वाढली नाही एवढं बरं’), तीन वस्तूंच्या यादीतली मधली वस्तू आणि पात्राने दुसऱ्या कशाबद्दल तरी केलेली कुरकुर, ही लपवायची आवडती ठिकाणं. आणि गोष्ट कोण सांगतंय हेही पाहा. सांगणारा स्वतः त्या खोलीत होता का? की त्यालाही कुणी सांगितलं?

कागदावर टिपणं काढावीत का? सुरुवातीला नावं आणि वेळा लिहिल्या तर मदत होते. नंतर सोडून द्या, नाहीतर वाचन कमी आणि रोजनामचा जास्त होतो.

सहावी पायरी: उलगड्याच्या आधी थांबा

तपास करणारा सगळ्यांना एका खोलीत बोलावतो, किंवा ‘आता माझ्या लक्षात आलं’ असं म्हणतो, तिथे पान मिटा. अंदाज बांधा. ‘नंदूच असणार’ एवढा अंदाज पुरत नाही. तीन संशयितांत एकाचं नाव घेतलं तर डोळे मिटूनही तीनात एकदा बरोबर येतं. कोण, कसं, आणि कोणत्या वाक्यावरून, या तिन्हीचं उत्तर देता आलं तर अंदाज खरा.

सर्वात निरुपद्रवी दिसणारा माणूस निवडायची युक्ती पुष्कळजण वापरतात. ती लेखकांनाही ठाऊक आहे, त्यामुळे हल्ली तीच सापळा म्हणून मांडलेली असते.

सातवी पायरी: पुन्हा वाचा

लगेच, त्याच दिवशी. कादंबरीत हे कुणाला जमत नाही, छोट्या कथेत वीस मिनिटांचं काम आहे. दुसऱ्या वाचनात लेखकाची हातचलाखी दिसते. नंदूचं बोलणं आता किती बेतलेलं वाटतं ते पाहा. चांगली कथा दुसऱ्यांदा जास्त आवडते. वाईट कथेला दुसऱ्या वाचनात भोकं पडतात.

आठवी पायरी: चकवणं वेगळं, खोटं बोलणं वेगळं

लेखकाने तुम्हाला चकवावं, हा त्याचा हक्क. पण उलगड्याला लागणारी प्रत्येक गोष्ट आधी तुमच्यासमोर यायला हवी, हा तुमचा हक्क. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने, जो स्वतः रहस्यकथा लिहायचा, १९२९ साली यासाठी दहा नियम मांडले होते. गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा जास्त नको. जुळा भाऊ आणायचा तर वाचकाला आधी कल्पना हवी. आणि नायकाच्या मित्राची अक्कल सर्वसाधारण वाचकापेक्षा किंचित, अगदी किंचित, कमी असावी. नियम अर्धे थट्टेचे आहेत, पण तपासणीला चांगले. अर्नाळकरांना हे लावू नका, ते वेगळ्याच खेळातले. आजच्या कथांना मात्र लावा. शेवटच्या पानावर पहिल्यांदाच उगवलेला सावत्र भाऊ, नेमका त्या रात्री बंद पडलेला सीसीटीव्ही आणि त्याचं काहीही कारण नाही, चार प्रश्न विचारताच घळाघळा रडत दिलेला कबुलीजबाब: यातलं काही आलं की पुढची कथा उघडा.

नववी पायरी: पोलिसांचं काम जुजबी समजून घ्या

मुंबईत घडणारी कथा असेल तर याचा उपयोग होतो. संशयास्पद मृत्यू झाला की बऱ्याचदा आधी अपमृत्यूची नोंद होते, आणि घातपात दिसला की मग खुनाचा गुन्हा दाखल होतो. या दोन नोंदींमधला वेळ कथालेखकाला फार सोयीचा असतो. जागेचा पंचनामा पंचांसमोर होतो, शवविच्छेदन सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात, आणि रक्ताचे, विषाचे नमुने कलिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात. अहवाल चहा संपायच्या आत येत नाही. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं. आणि पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही; आरोपीच्या सांगण्यावरून हत्यार किंवा माल सापडला, तर त्या शोधाशी जोडलेला तेवढाच भाग चालतो. म्हणून शहाणा लेखक कबुलीवर कथा संपवत नाही, लपवलेल्या वस्तूवर संपवतो.

कलमांवरून काळ ओळखता येतो. ‘तीनशे दोन लागणार’ असं कुणी म्हणत असेल, तर घटना १ जुलै २०२४ च्या आधीची. त्या दिवसापासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये गेली. त्यानंतरच्या कथेतला हवालदार सवयीने तीनशे दोन म्हणू शकतो, आरोपपत्रात मात्र ते दिसता कामा नये. जुन्या कथांत ट्रंक कॉल, वाड्यातला एकच टेलिफोन, रात्रीची व्हिक्टोरिया, म्हणजे घोडागाडी, असं काही येतं, ते त्या काळाच्या हिशेबाने वाचा. मोबाईल असता तर हे घडलंच नसतं, ही तक्रार करू नका. जुन्या पुस्तकांतल्या बायका एकतर बेशुद्ध पडतात नाहीतर विष घालतात, याची तक्रार मात्र बिनदिक्कत करा.

थरारकथेसाठी हे सगळं बाजूला ठेवा

तिथे बिनकामाचं वाक्य शोधत बसायचं नाही. वेळ पाहायची. किती मिनिटं उरली आहेत, दार कुणाच्या हातात आहे, वाचकाला काय ठाऊक आहे जे नायकाला नाही. वाक्यं आखूड कुठे होतात ते बघा, लेखक पावलांचा वेग तिथे वाढवतो. आणि चोरीची छोटी थरारकथा वाचताना आपण चोराच्या बाजूने कधी झालो, ते पान शोधून काढा. ते बहुतेक वेळा पहिल्या तीनातलंच निघतं.

एवढ्या कथा पचल्या की संग्रहांकडे वळाल. तिथे प्रस्तावना शेवटी वाचा. संपादक मंडळी मोठी विद्वान असतात, आणि कौतुकाच्या भरात खुनी कोण हे पहिल्या परिच्छेदातच सांगून मोकळी होतात. अनुक्रमणिकेचाही भरवसा धरू नका. कथेचं नावच उत्तर फोडणारं असेल तर मित्राला सांगून एखादी कथा तुमच्यासाठी उघडून घ्या, आणि त्याला एवढीच अट घाला की नुसता पान क्रमांक सांगायचा.